रोज एक सिंह

सकाळी दारात सडा घालून रांगोळीची दोन बोटं ओढल्याशिवाय आपल्या आया-आज्यांचा दिवस सुरू व्हायचा नाही. घरात इडापिडा शिरू नये, हा त्यामागचा साधा भाव. जपानमधल्या एका म्हाताऱ्या चित्रकाराने ऐंशी ओलांडल्यावर असाच एक नेम धरला होता. रोज सकाळी उठायचं, कुंचला शाईत बुडवायचा, कागदावर एक सिंह काढायचा आणि तो कागद चुरगाळून घराबाहेर भिरकावून द्यायचा! संकट दूर राहो, म्हणून.

त्याचं नाव कात्सुशिका होकुसाई. नाव ओळखीचं नसेल, पण त्याचं चित्र तुम्ही नक्की पाहिलंय. पंजे उगारल्यासारखी उसळलेली प्रचंड निळी लाट, खाली भेलकांडणाऱ्या होड्या आणि लांबवर इवलासा फुजी पर्वत. कॅलेंडरवर, कॉफीच्या मगवर, पोरांच्या टी-शर्टवर ती असते. ती लाट काढणारा हा माणूस १७६० साली एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत जन्मला. सहाव्या वर्षापासून त्याला चित्रांचं वेड. चौदाव्या वर्षी तो छपाईचे लाकडी ठसे कोरायला शिकू लागला आणि पुढे कात्सुकावा शुन्शो या नामवंत चित्रकाराकडे उमेदवारी करायला लागला. त्यानंतर जवळजवळ सत्तर वर्षं हात थांबला नाही. आंघोळ करणारे, भांडणारे, डुलक्या काढणारे, माशा, मांजरं, भुतं, जे दिसेल ते आणि न दिसेल तेही त्याने काढलं. १८१४ पासून या रेखाटनांची पुस्तकं निघू लागली. एकूण पंधरा भाग झाले, शेवटचे त्याच्या मृत्यूनंतर.

संसाराच्या बाबतीत मात्र सगळा आनंद! त्याने आयुष्यात त्र्याण्णव वेळा घर बदललं म्हणतात. कारण ऐकलंत तर हसाल. घर आवरायचंच नाही. खाणं बाहेरून आणायचं, पुडे तिथेच कोपऱ्यात टाकायचे, आणि कचरा फार झाला की बिऱ्हाड हलवायचं. नावंही त्याने तीसेक वेळा बदलली. म्हातारपणी घेतलेल्या एका नावाचा अर्थ चित्रांनी वेडा झालेला म्हातारा, असा होतो. दारू नाही, चहासुद्धा नाही. गोड खायला आवडायचं, आणि रात्री झोपण्यापूर्वी सोबा, म्हणजे शेवयांचा एक वाडगा. कामाचे पैसे पाकिटात यायचे, ते तो उघडूनही बघत नसे. तांदूळवाला, कोळसेवाला दारात आला की पाकीट तसंच त्याच्या हातात! साहजिकच घरात कायम चणचण.

पण खरे फटके बसले ते साठी उलटल्यावर. पक्षाघाताचा झटका आला. त्यावर त्याने स्वतःच औषध केलं. युझू नावाचं लिंबाच्या जातीचं फळ बारीक करायचं, मातीच्या भांड्यात तांदळाच्या दारूत आटवायचं आणि गरम पाण्यातून घ्यायचं. कापायला लोखंडी सुरी नको, बांबूची पट्टी हवी, हेसुद्धा त्याने लिहून ठेवलंय. माणूस बरा झाला. मग १८२८ मध्ये दुसरी बायको गेली. आणि नातू, मोठ्या मुलीचा मुलगा, वाया गेला. त्याची देणी फेडता फेडता आजोबा कफल्लक झाले. वस्तीत काम करताना अशी घरं मी किती पाहिली! नातवाला हाकलून देववत नाही, आणि ठेवलं तर घर राहत नाही.

ती निळी लाट या सगळ्यानंतरची आहे, बरं का. फुजी पर्वताच्या छत्तीस दृश्यांची मालिका १८३० च्या सुमारास सुरू झाली, लोकांना इतकी आवडली की छत्तीसची शेहेचाळीस चित्रं झाली. सत्तरी गाठलेला, आजारातून उठलेला, कर्जात बुडालेला माणूस हे काढत होता. शिवाय सत्तरीआधी काढलेलं काही खास नाही, शंभरी पार केल्यावर कुठे जमायला लागेल, अशा अर्थाचं १८३४ मध्ये लिहूनही मोकळा झाला. १८३९ मध्ये घराला आग लागली आणि वर्षानुवर्षांची रेखाटनं जळून गेली.

सिंहांचा नेम सुरू झाला तो त्यानंतर, १८४२ च्या शेवटी. वर्षभराहून अधिक तो चालला. कधी गुरगुरणारा सिंह, कधी खेळकर, कधी सिंहाचा मुखवटा घालून नाचणारा माणूस. शाईचे चार-सहा फटकारे आणि त्या दिवसाची तारीख. ज्या पीडेला हे सिंह पळवून लावणार होते, ती पीडा म्हणजे तो नातूच, असं अनेक अभ्यासक मानतात.

मग फेकलेले कागद आपल्यापर्यंत आले कसे? असं सांगतात, की घरातलं एक माणूस ते गुपचूप उचलून ठेवत होतं. ती त्याची मुलगी ओई. आज दोनशेहून जास्त सिंह जपानच्या क्यूशू राष्ट्रीय संग्रहालयात आहेत.

ओईबद्दल वाचलं आणि मी बापाला विसरूनच गेले. तीही चित्रकार. नवराही चित्रकार, पण त्याची चित्रं कच्ची, आणि ही त्याला तोंडावर हसायची! लग्न मोडलं, ती माहेरी आली ती कायमची. बापाला हाक मारायची सवय, 'ओई', म्हणजे आपलं 'अगं ए', तेच तिचं नाव पडलं म्हणतात. स्वयंपाकाची तिलाही आवड नव्हती. एका शिष्याने काढलेलं दोघांचं चित्र आहे. ऐंशीचे आजोबा खांद्यावर रजई घेऊन जमिनीवर ओणवे, चित्र काढताहेत, आणि शेजारी बसलेली ओई बघते आहे. खोलीत पसारा. मला ते चित्र फार आवडतं. घर नीट नाही म्हणून कोणी कोणाला बोलत नाहीये.

पण त्या खोलीत तिचा हातही चालू होता. म्हाताऱ्याच्या शेवटच्या वर्षांतल्या चित्रांत तिचं काम किती, यावर आजही खल चालतो. सुंदर स्त्रिया काढण्यात ती आपल्यापेक्षा सरस आहे, ही कबुली खुद्द होकुसाईने दिल्याची नोंद आहे. तरी विकलं जायचं ते बापाच्या नावानं. हे मला खटकतं. तिला खटकत होतं की नाही, कोण जाणे.

१८४९ च्या मे महिन्यात तो गेला. आपल्या हिशेबाने अठ्ठ्याऐंशीचा, जपानी मोजणीने नव्वदचा. अजून पाच-दहा वर्षं मिळाली असती तर खरा चित्रकार झालो असतो, अशी हळहळ शेवटपर्यंत. त्यानंतर काही वर्षांनी ओई घरातून बाहेर पडली. पुढे तिचं काय झालं, कुठे गेली, नक्की कळत नाही. तिची म्हणता येतील अशी चित्रं मोजकीच, दहाच्या आसपास.

त्यातलं एक टोकियोच्या ओता संग्रहालयात आहे. योशिवारा या वेश्यावस्तीतली रात्र. जाळीमागे नटून बसलेल्या बायका उजेडात, आणि रस्त्यावर त्यांना बघायला जमलेली माणसं काळोखात, नुसत्या सावल्या. काही जणांच्या हातात कंदील आहेत. त्या चित्रावर नेहमीसारखी सही नाही. तीन कंदिलांवर तिच्या नावांतली अक्षरं आहेत, एकेका कंदिलावर एकेक.