हांगचौचा दुष्काळ आणि सू शीचा दवाखाना

चीनमध्ये सू शी हे नाव शाळकरी मुलांनाही कवी म्हणून ठाऊक असते. सोंग राजवटीतील हा कवी (१०३७–११०१) पेशाने सरकारी अधिकारी होता. वैद्यक हा त्याचा व्यवसाय नव्हता, पण औषधी कृती गोळा करण्याचा त्याला नाद होता. दुष्काळात आणि साथीत तो नाद लोकांच्या उपयोगी पडला.

सरकारवर टीका करणाऱ्या कवितांमुळे १०७९ मध्ये त्याला अटक झाली आणि पुढच्या वर्षी ह्वांगचौला धाडण्यात आले. तिथे तापाची साथ आली. चाव गू या त्याच्या गाववाल्याकडे ‘शेंगसानझी’ नावाच्या चूर्णाची कृती होती. ती त्याने पोटच्या मुलालाही सांगितली नव्हती. सू शीने मनधरणी करून, कोणाला न सांगण्याची शपथ घेऊन ती मिळवली. पुढे शपथ मोडून त्याने ती पांग आनशी या नामांकित वैद्याच्या हवाली केली. गुप्त ठेवलेले औषध साथीत कामाचे नाही, हे त्याने ओळखले होते.

१०८९ मध्ये तो हांगचौचा प्रमुख अधिकारी झाला. त्या वर्षी अवर्षण पडले आणि उपासमारीपाठोपाठ साथ आली. राजधानीला पाठवायच्या तांदळात त्याने एक तृतीयांश सूट मिळवली, त्यामुळे भाव भडकले नाहीत. पुढच्या वसंतात सरकारी कोठारातील धान्य स्वस्तात विकले. पेज आणि काढा तयार करवून, वैद्यांना सोबत देऊन कर्मचारी वस्तीवस्तीत पाठवले. शेंगसानझीची एक मात्रा जेमतेम एका नाण्याला पडत असे.

शिल्लक सरकारी निधीतून नाण्यांच्या दोन हजार माळा आणि पदरचे ५० लिआंग, म्हणजे सुमारे दोन किलो सोने घालून त्याने गरिबांसाठी दवाखाना उभारला. तो चालवण्याचे काम बौद्ध भिक्षूंकडे होते. तीन वर्षांत हजार रुग्ण बरे करणाऱ्याला राजसन्मानाचे जांभळे वस्त्र मिळावे, अशी व्यवस्था होती. शहराला गोडे पाणी पुरवणाऱ्या विहिरींचे कुजके बांबूचे नळ काढून त्याने मातीचे पक्के नळ घातले आणि गाळाने भरलेले पश्चिम सरोवर उपसले.

या कामातील औषधाचा वाटा किती, हे आज मोजता येत नाही. औषध न घेतलेल्यांशी तुलना करण्याची पद्धतच तेव्हा नव्हती. मात्र भुकेलेल्या शरीराला पेज आणि स्वच्छ पाणी मिळाले की साथीतील मृत्यू घटतात, हे आधुनिक वैद्यकाने पुरते सिद्ध केले आहे.

शेंगसानझीची पुढची कहाणी दुःखद आहे. त्यातील सुमारे वीस द्रव्यांत कुलिंजन, ज्येष्ठमध, एफेड्रा आणि बचनागाच्या जातीची मुळी होती. बहुतेक औषधे उष्ण, म्हणजे थंडी-दमटपणातून आलेल्या तापासाठी. सू शीने मात्र प्रस्तावनेत, लक्षणे फारशी न पाहताही ते चालते, असे सुचवले. त्याच्या नावाच्या वजनाने चूर्ण सर्वत्र पसरले. ११२० च्या दशकात राजधानीतील साथीत ते सरसकट घेतले गेले आणि कित्येक जण दगावले, अशी नोंद ये मंगदे या विद्वानाने केली. अखेर वैद्यांनी ते बाजूला ठेवले. बचनागातील विष हृदयाचे ठोके बिघडवते आणि एफेड्रा त्यांची गती वाढवते, हे लक्षात घेता त्या नोंदीत नवल नाही.

सू शी ११०१ मध्ये हायनान बेटावरील वनवासातून परतताना चांगचौ येथे वारला. ऐन उन्हाळ्यात जुलाबांनी खंगलेला असताना त्याने स्वतःच स्वतःला औषध दिले होते. पुढच्या काही वर्षांत त्याच्या दवाखान्याच्या धर्तीवर सरकारी रुग्णालये राज्यभर निघाली. पूर असो वा दुष्काळ, मदतपथकाने आजही त्याच क्रमाने जावे: आधी अन्न, पाणी व निवारा. औषध द्यायचे ते रुग्ण तपासून, आणि सर्वांना एकच नव्हे.