साठीनंतरचे महामहोपाध्याय

साठी बुद्धी नाठी, ही म्हण मराठी माणसाच्या तोंडी सहज येते. नागपुरातील महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांच्या आयुष्याचा उत्तरार्ध मात्र या म्हणीच्या अगदी उलट गेला. प्राचीन कोरीव लेखांच्या ‘कॉर्पस’ या ग्रंथमालेतील तीन खंड त्यांनी संपादित केले. कलचुरि-चेदि संवताच्या लेखांचा खंड १९५५ मध्ये, वाकाटकांचा १९६३ मध्ये आणि शिलाहारांचा १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या वेळी त्यांचे वय अनुक्रमे ६२, ७० आणि ८४ वर्षे होते.

मिराशी मूळचे कोकणातले. तत्कालीन रत्नागिरी जिल्ह्यातील कुवळे येथे १३ मार्च १८९३ रोजी त्यांचा जन्म झाला. संस्कृतचे प्राध्यापक म्हणून १९१९ मध्ये ते नागपूरच्या मॉरिस कॉलेजात रुजू झाले आणि विदर्भाचेच होऊन गेले. कालिदासावरील त्यांचा मराठी ग्रंथ गाजला. मेघदूतातील रामगिरी म्हणजे नागपूरजवळचे रामटेक, हे मत त्यांनी हिरिरीने मांडले. तथापि त्यांचे खरे कार्यक्षेत्र ठरले ते ताम्रपट आणि शिलालेख. वाशीम येथे १९३९ मध्ये मिळालेल्या ताम्रपटामुळे वाकाटकांची वत्सगुल्म शाखा उजेडात आली. त्या ताम्रपटाचे वाचन व संपादन करणाऱ्यांत मिराशी होते. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातील झिजलेला लेखही त्यांनी नव्याने वाचला आणि त्या राजवंशाची वंशावळ सुधारून घेतली. १९४१ मध्ये त्यांना महामहोपाध्याय ही पदवी मिळाली. पुढे ते मॉरिस कॉलेजचे व नंतर अमरावतीच्या विदर्भ महाविद्यालयाचे प्राचार्य झाले.

१९५० मध्ये ते प्राचार्यपदावरून निवृत्त झाले. एरवी चरित्र येथेच आटोपते. मिराशींच्या बाबतीत ते येथून रंगते.

लेख वाचणे ही निव्वळ स्मरणशक्तीची कसरत नव्हे. अर्धे पुसलेले अक्षर, त्याला जुळणारे दुसऱ्या ताम्रपटातील वळण, संवत, तिथी, वंशावळ असे अनेक धागे एकाच वेळी हाती धरावे लागतात. वृद्धापकाळी नेमकी हीच क्षमता आधी उणावू शकते आणि त्यामागे अनेकदा मेंदूतील सूक्ष्म रक्तवाहिन्या असतात. वजनाने शरीराच्या जेमतेम २ टक्के असलेला मेंदू सुमारे २० टक्के प्राणवायू वापरतो. त्याच्या केशवाहिन्यांचे अस्तर एकमेकींना घट्ट चिकटलेल्या पेशींचे असते. रक्तातील नको ते पदार्थ या पेशी अडवून धरतात. वय वाढते तशी ही वीण सैल होऊ लागते, वाहिनीला बाहेरून बिलगलेल्या आधारपेशी घटतात आणि वाहिनी सैलावणारा नायट्रिक ऑक्साइडही कमी तयार होतो. उच्च रक्तदाब व मधुमेह या ऱ्हासाला वेग देतात. मेंदूच्या खोल भागातील तंतूंना रक्त अपुरे पडले, की विस्मरणाच्याही आधी विचारांचा वेग आणि जुळवाजुळव मंदावते.

मात्र म्हातारपण आणि हा ऱ्हास एकच नव्हेत. मुंबईचे मेंदूविकृतितज्ज्ञ दाराब दस्तूर यांनी अमेरिकेत सहकाऱ्यांसह वृद्धांच्या मेंदूतील रक्ताभिसरण मोजले होते. हे निष्कर्ष १९६३ मध्ये, म्हणजे मिराशींचा वाकाटक खंड निघाला त्याच वर्षी, प्रसिद्ध झाले. निरोगी वृद्धांच्या मेंदूतील रक्तप्रवाह तरुणांहून फारसा कमी आढळला नाही. धमन्या कठीण झालेल्यांमध्ये तो घटलेला होता. पुढील अभ्यासांत वयाबरोबर काही घट दिसून आली, पण ती सर्वांमध्ये सारखी नसते. एका विद्वानाच्या उदाहरणावरून वैद्यकीय नियम काढता येत नाही, हे खरेच. तरी साठी उलटली की माणसाला बाजूला बसवण्याच्या आपल्या सवयीला हे उदाहरण चांगलेच अडचणीत आणते.

नागपूर विद्यापीठात प्राचीन इतिहासाचे मानद प्राध्यापक म्हणून त्यांनी सत्तरी ओलांडेपर्यंत काम केले. १९७५ मध्ये पद्मभूषण मिळाले, तेव्हा शिलाहारांचा खंड अजून प्रसिद्ध व्हायचा होता. त्यानंतर त्यांनी सातवाहन आणि पश्चिमी क्षत्रप यांचे कोरीव लेख हाती घेतले. तो ग्रंथ मराठीत १९७९ मध्ये आणि इंग्रजीत १९८१ मध्ये, त्यांच्या वयाच्या ८८ व्या वर्षी निघाला. ३ एप्रिल १९८५ रोजी मिराशींचे निधन झाले.