लेकीनं विचारलं फोटो आत्ताच का दिसत नाही, आणि बापानं थेट इन्स्टंट कॅमेराच बनवला

हळदीचा कार्यक्रम असो नाहीतर मैत्रिणीचा वाढदिवस, हल्ली खेळण्यासारखा दिसणारा एक छोटा कॅमेरा हातोहात फिरत असतो. बटण दाबलं की गुर्र आवाज होतो, फटीतून पांढरं कार्ड बाहेर येतं आणि सगळे त्यावर डोळे लावून बसतात. हळूहळू चेहरे उमटायला लागतात. ग्रुपमधलं एक जण ते कार्ड जोरजोरात हलवत असतं. त्यानं काडीचा फरक पडत नाही, पण हलवल्याशिवाय राहवत नाही.

आज हा कॅमेरा बहुतेक वेळा फुजीचा इन्स्टॅक्स असतो. पण जागच्या जागी फोटो हातात देण्याची ही आयडिया ज्याच्या डोक्यातून आली तो माणूस म्हणजे पोलरॉइडचा संस्थापक एडविन लँड.

लँडचा जन्म ७ मे १९०९ चा, अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातल्या ब्रिजपोर्टचा. वडिलांचा धंदा भंगाराचा. पोराला मात्र वेड प्रकाशाचं. १९२६ मध्ये हार्वर्डला ॲडमिशन मिळालं, पण पहिल्या वर्षानंतरच हा गडी कॉलेज सोडून न्यूयॉर्कला गेला. तिथं दिवसभर पब्लिक लायब्ररीत वाचायचं आणि खोलीवर प्रयोग करायचे, असा दिनक्रम सुरू झाला.

त्याला करायचं काय होतं? तर समोरून येणाऱ्या गाडीच्या हेडलाइटनं डोळे दिपतात, ते थांबवायचं होतं. प्रकाशाच्या लहरी सगळ्या दिशांनी थरथरत असतात. त्यातली एकाच दिशेची थरथर पुढे जाऊ देणारा फिल्टर असला की चकाकी कमी होते. तोवर यासाठी मोठा, महागडा स्फटिक लागायचा. लँडनं विचार उलटा केला. एक मोठा स्फटिक कशाला, लाखो बारीक स्फटिक एकाच दिशेला रांगेत बसवून त्यांचा पातळ पापुद्राच का बनवू नये? १९२९ मध्ये त्यानं पेटंटसाठी अर्ज केला. तेव्हा वय होतं जेमतेम १९.

गंमत म्हणजे गाडीवाल्या कंपन्यांनी त्याचा हेडलाइट कधीच घेतला नाही. पण गॉगल आणि कॅमेऱ्याच्या फिल्टरमध्ये त्याची फिल्म चालली, आणि तुमच्या मोबाईलच्या स्क्रीनमध्येही याच जातीचा पापुद्रा असतो. १९३७ मध्ये पोलरॉइड कंपनी उभी राहिली. डिग्री मात्र त्यानं शेवटपर्यंत पूर्ण केली नाही. हार्वर्डनंच पुढे १९५७ मध्ये त्याला मानद डॉक्टरेट दिली.

आता येऊ लेकीच्या प्रश्नाकडे.

१९४३ साली लँड कुटुंबासोबत न्यू मेक्सिकोतल्या सांता फेला सुट्टीवर होता. त्यानं ३ वर्षांच्या जेनिफरचा फोटो काढला. तिनं विचारलं, की तो आत्ता लगेच का बघता येत नाही? दुसऱ्या कुठल्या बापानं चॉकलेट देऊन विषय मिटवला असता. लँड फिरायला बाहेर पडला आणि तासाभरात कॅमेरा, फिल्म, रसायन असा सगळा आराखडा त्याच्या डोक्यात तयार झाला, असं तो पुढे सांगायचा.

आराखडा असा होता. निगेटिव्ह आणि कोरा कागद यांच्यामध्ये घट्ट रसायनाची छोटी पुडी ठेवायची. फोटो काढून कागद ओढला की तो दोन रोलरमधून जाताना पुडी फुटते आणि रसायन पसरतं. जिथं प्रकाश पडला तिथली चांदी निगेटिव्हमध्येच अडकते. जिथं पडला नाही तिथली विरघळून कोऱ्या कागदावर जाते आणि काळी दिसते. म्हणजे अख्खी डार्करूम एका पुडीत.

हे प्रत्यक्षात यायला आणखी पाच वर्षं गेली. २६ नोव्हेंबर १९४८ ला बॉस्टनच्या जॉर्डन मार्श या दुकानात पहिला कॅमेरा विक्रीला आला. किंमत ८९.७५ डॉलर, फोटो तपकिरी छटेचा, वेळ ६० सेकंद. ठेवलेले सगळे कॅमेरे पहिल्याच दिवशी संपले.

पण तो कॅमेरा चांगलाच जड होता. लँडला हवा होता खिशात मावणारा. तो आला १९७२ मध्ये, नाव एसएक्स-७०. कंपनीच्या वार्षिक सभेत लँडनं कोटाच्या खिशातून चपटी घडी काढली, उघडली आणि १० सेकंदांत ५ फोटो काढले. यात कागद सोलायची भानगड नव्हती. फोटो बाहेर पडला की रसायनाचाच एक गडद पडदा त्याला उजेडापासून वाचवायचा आणि मग आपोआप पारदर्शक व्हायचा. बॅटरीसुद्धा फिल्मच्या पाकिटातच. आजचा तो हळदीतला कॅमेरा याच वाटेनं आलेला आहे.

इथवरची गोष्ट ऐकून लँड हिरो वाटतो, आणि बऱ्याच अंगांनी तो होताही. शीतयुद्धात यू-२ हे हेरविमान बनवण्यासाठी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना राजी करणाऱ्यांत तो होता. मेरो मोर्स ही कलेचा इतिहास शिकलेली मुलगी त्याच्याकडे ब्लॅक अँड व्हाइट फिल्मच्या संशोधनाची प्रमुख झाली, तेही बायकांना लॅबमध्ये फारसं विचारत नव्हते त्या काळात.

पण १९७० मध्ये कंपनीतल्याच दोन कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांच्या, कॅरोलिन हंटर आणि केन विल्यम्स यांच्या लक्षात आलं की पोलरॉइडचं तंत्र दक्षिण आफ्रिकेत पासबुकसाठी वापरलं जातंय. हे पासबुक बँकेचं नव्हे. कृष्णवर्णीयांनी कुठं राहायचं, कुठं फिरायचं हे ठरवणारं ते ओळखपत्र होतं आणि ते जवळ नसलं तर थेट अटक. दोघांनी आंदोलन उभं केलं, बहिष्काराची हाक दिली. हंटर यांची नोकरी गेली. कंपनीनं सरकारला थेट विक्री बंद केली, तिथल्या कामगारांचे पगार वाढवायचं जाहीर केलं, पण देश सोडला नाही. १९७७ मध्ये स्थानिक वितरक गुपचूप सरकारलाच माल विकतोय हे उघड झालं, तेव्हा कुठं पोलरॉइड तिथून बाहेर पडली. प्रश्न लेकीचा होता तेव्हा लँडला उत्तर तासाभरात सुचलं होतं, इथं त्याच्या कंपनीला सात वर्षं लागली.

त्याच वर्षी लँडनं आणखी एक डाव टाकला. पोलाव्हिजन, म्हणजे झटपट सिनेमा. एक रीळ जेमतेम अडीच मिनिटांचं, तेही बिनआवाजाचं, आणि बाजारात तोवर व्हिडिओ टेप आलेली. कोट्यवधी डॉलर बुडाले. १९८० मध्ये सीईओपद गेलं, १९८२ मध्ये तो स्वतःच उभ्या केलेल्या कंपनीतून पूर्ण बाहेर पडला. नंतर स्वतःच्या रोलँड इन्स्टिट्यूटमध्ये प्रकाश आणि रंगांवर प्रयोग करत राहिला.

एक लढाई मात्र बाकी होती. एकेकाळी पोलरॉइडला निगेटिव्ह बनवून देणाऱ्या कोडॅकनं १९७६ मध्ये स्वतःचा इन्स्टंट कॅमेरा आणला होता. पोलरॉइडनं कोर्टात खेचलं. निकाल पोलरॉइडच्या बाजूनं लागला आणि १९८६ मध्ये कोडॅकला हा धंदाच बंद करावा लागला. भरपाईचे ९२.५ कोटी डॉलर मिळाले १९९१ मध्ये, पण तोवर लँड गेला होता. १ मार्च १९९१ ला केंब्रिजमध्ये त्याचं निधन झालं.

त्याच्या मागे त्याचे खासगी कागद आणि टिपणं मदतनिसानं फाडून नष्ट केली. ५३५ पेटंट तेवढी सरकारी दप्तरात आहेत.