अ‍ॅना मणी

अ‍ॅना मोडयिल मणी (२३ ऑगस्ट, १९१८, पीरमेड, त्रावणकोर संस्थान – १६ ऑगस्ट, २००१, तिरुवनंतपुरम) या भारतीय भौतिकशास्त्रज्ञ व हवामानशास्त्रज्ञ होत्या. वातावरणातील ओझोन, सौर प्रारण आणि वारा मोजणारी उपकरणे भारतात घडवण्याचे त्यांचे कार्य मुख्यतः पुण्यात सुरू झाले.

शिक्षण

मद्रासच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयातून त्या १९३९ साली पदवीधर झाल्या. पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी हिरा व माणिक यांच्या वर्णपटांवर संशोधन केले. १९४५ मध्ये सादर केलेला त्यांचा प्रबंध, पदव्युत्तर पदवी नसल्याच्या कारणावरून, मद्रास विद्यापीठाने स्वीकारला नाही. पाच शोधनिबंध नावावर असूनही डॉक्टरेट मिळाली नाही. त्याच वर्षी त्या लंडनच्या इंपिरियल कॉलेजात गेल्या. भौतिकशास्त्राची ओढ होती, पण शिष्यवृत्ती होती ती हवामान-उपकरणांसाठी.

पुणे वेधशाळा

१९४८ मध्ये त्या भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या पुणे येथील उपकरण शाखेत रुजू झाल्या आणि १९५३ मध्ये शाखाप्रमुख झाल्या. हाताखालचे १२१ कर्मचारी पुरुष होते. तोवर बहुतेक उपकरणे परदेशातून येत. मणी यांनी सुमारे १०० उपकरणांचे आराखडे प्रमाणित करून ती देशात बनवून घेतली. सदोष नोंदीपेक्षा नोंद नसलेली बरी, अशी त्यांची भूमिका होती. आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षात (१९५७–५८) त्यांनी सौर प्रारण मोजणाऱ्या केंद्रांचे जाळे उभारले.

ओझोनमापन

१९६० च्या दशकात मणी व त्यांच्या सहकाऱ्यांनी फुग्यासोबत आकाशात जाणारे भारतीय ओझोनमापक (ओझोनसाँड) तयार केले. त्यात हवा पोटॅशियम आयोडाइडच्या द्रावणातून जाते. ओझोनमुळे आयोडीन मुक्त होते आणि निर्माण झालेल्या सूक्ष्म विद्युत्प्रवाहावरून ओझोनचे प्रमाण कळते. जमिनीवरील डॉब्सन वर्णपटमापक प्रामुख्याने डोक्यावरील एकूण ओझोन सांगतो. या उपकरणाने तो कोणत्या उंचीवर किती, हेही कळू लागले. त्याच तत्त्वावर पुढे पुण्यात जमिनीलगतच्या ओझोनची सलग नोंद घेतली गेली.

हा फरक महत्त्वाचा आहे. उंचावरचा ओझोन अतिनील किरण अडवतो, तर जमिनीलगतचा श्वसनमार्गाला व पिकांना अपाय करतो. तो सहसा धुराड्यातून थेट बाहेर पडत नाही. कारखाने व वाहनांतून निघणारी नायट्रोजन ऑक्साइडे आणि बाष्पनशील सेंद्रिय संयुगे यांच्यावर ऊन पडून तो बनतो आणि वाऱ्याने दूर जातो. त्यामुळे त्याचा माग काढताना ऊन आणि वाराही मोजावे लागतात. मणी यांनी हे काम प्रदूषणासाठी हाती घेतले नव्हते. मात्र या तिन्ही मोजमापांत त्यांनी काम केले. भारतातील २००९ च्या हवा-गुणवत्ता मानकांत ओझोनची ८ तासांच्या सरासरीची मर्यादा दर घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम आहे.

उत्तरकाळ

१९६३ मध्ये विक्रम साराभाई यांच्या विनंतीवरून त्यांनी थुंबा येथे हवामान वेधशाळा उभारली. १९६९ मध्ये त्या उपमहासंचालक म्हणून दिल्लीस गेल्या व १९७६ मध्ये निवृत्त झाल्या. त्यानंतर त्यांनी भारतातील सौर प्रारणाच्या आकडेवारीचे ग्रंथ (१९८०, १९८१) सिद्ध केले आणि वाऱ्याच्या ऊर्जेसाठी देशभर मोजणी करवली. १९८७ मध्ये त्यांना के.आर. रामनाथन पदक मिळाले. १९९४ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला.