तळघरातील रेल्वेचा धनी

रेल्वेची खेळणी आपल्या सर्वांच्या परिचयाची असतात. चावी दिलेले इंजिन गोलाकार रुळांवरून फिरत राहते आणि दोन दिवसांत मुलाचा त्यातील रस संपतो. अमेरिकेतील जॉन अ‍ॅलन यांचा रस मात्र पंचवीसहून अधिक वर्षे टिकला. प्रतिकृती-रेल्वेच्या जगात आजही त्यांचे नाव आदराने घेतले जाते, पण त्यांची रेल्वे पाहायला गेले तर तिचा मागमूसही सापडत नाही.

अ‍ॅलन यांचा जन्म १९१३ साली मिसुरी राज्यातील जॉप्लिन येथला. आई-वडिलांचे छत्र लहान वयातच हरपले. बालपणी झालेल्या संधिवाती ज्वराने हृदय कायमचे दुबळे केले. पुढे लॉस एंजेलिसमध्ये त्यांनी छायाचित्रणाचा व्यवसाय केला आणि दुसरे महायुद्ध संपल्यावर तो आवरून ते कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील मॉन्टेरे येथे राहायला गेले. विवाह केला नाही. बेताच्या उत्पन्नात भागवायचे आणि उरलेला सारा वेळ रेल्वेला द्यायचा, असा त्यांचा संसार होता.

या रेल्वेचे नाव गोरी अँड डॅफेटेड. इंग्रजीत ते भरभर उच्चारले की ‘रक्तबंबाळ आणि पराभूत’ असा अर्थ कानावर पडतो! तिला जोडून एक नॅरोगेज फाटा होता. त्याच्या नावात सैतानाची घळ आणि नरकापलीकडचे ठिकाण असे दोन्ही दडलेले होते. माणूस विनोदी होता. एका ठिकाणी शंटिंगसाठी इंजिनाऐवजी स्टेगोसॉरस जातीचा डायनासोर जुंपलेला असे. त्या मादीचे नाव होते एम्मा.

मात्र रुळांच्या बाबतीत त्यांना थट्टा चालत नसे. त्या काळी हौशी मंडळींचे डबे चकचकीत, इमारती नव्याकोऱ्या आणि रूळ पत्र्याच्या पट्टीसारखे दिसत. अ‍ॅलन यांच्यातील छायाचित्रकाराला हे खटकले. खरी रेल्वे धुराने काळवंडते, गंजते, पावसाने विटते. मग प्रतिकृतीच तेवढी स्वच्छ का असावी? त्यांनी इंजिनांवर काजळी चढवली, शेडची लाकडे जीर्ण केली. रूळ ते हातानेच टाकत. लाकडाचे इवलेसे स्लीपर एकेक करून बसवायचे, त्यांवर रूळ ठेवायचा आणि सुईएवढ्या खिळ्यांनी तो ठोकायचा. वास्तवाच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाच्या या जगात मुख्य मार्गाच्या दोन रुळांमधील अंतर अवघे साडेसोळा मिलिमीटर असते. नॅरोगेजचे त्याहूनही कमी, साडेदहा मिलिमीटर.

फाट्याचा रूळ खरा भासवणे हे तर आणखी अवघड. आडबाजूच्या मार्गावर गाड्या थोड्या आणि उत्पन्नही तुटपुंजे. त्यामुळे रूळ हलके, कित्येकदा मुख्य मार्गावरून काढलेले जुनेच. खडी विरळ, कुठे नुसती इंजिनातली राख. स्लीपर झिजलेले, मधून मधून गवत उगवलेले. हे सारे दारिद्र्य डोळ्यांना दिसले पाहिजे, पण गाडी मात्र एकदाही घसरता कामा नये! सांध्यात केसभर फरक पडला तरी चाक उतरते. वरून मोडकळीला आलेला, आतून निर्दोष असा रूळ घालायचा म्हणजे नवा रूळ घालण्याहून दुप्पट कष्ट. अ‍ॅलन यांचा कटाक्ष दोन्हींवर होता. गाडी विनातक्रार धावत नसेल तर देखाव्याला अर्थ काय, अशी त्यांची भूमिका होती.

पहिली मांडणी जेमतेम पावणेचार फूट रुंद आणि पावणेसात फूट लांब होती. १९५३ साली त्यांनी मोठे तळघर असलेले घर घेतले आणि तिथे तिसरी, अखेरची मांडणी सुरू केली. पहिली छोटी मांडणी त्यांनी मोडली नाही. नव्या मुलखात ती तशीच सामावून घेतली. जमिनीपासून छतापर्यंत डोंगर उभे राहिले आणि पाहणारा दरीच्या तळाशी उभा असल्यासारखा वर पाहू लागला. मोक्याच्या जागी बसवलेल्या आरशांनी खोलीच्या भिंती नाहीशा केल्या. ठरल्या दिवशी मित्र जमत, जलद फिरणारे घड्याळ लावले जाई आणि वेळापत्रकाबरहुकूम मालगाड्या सुटत. त्यांच्या छायाचित्रांमुळे या रेल्वेची कीर्ती मासिकांतून सर्वदूर पसरली. शंटिंगवर बेतलेले त्यांचे ‘टाइमसेव्हर’ हे कोडे १९७२ साली प्रसिद्ध झाले आणि ते आजही खेळले जाते.

जानेवारी १९७३ मध्ये दुबळ्या हृदयाने अखेर साथ सोडली. वय ५९. त्यानंतर अवघ्या दहा दिवसांनी घराला आग लागली आणि दोन दशकांचे काम तळघरातच राख झाले. मागे राहिली ती बहुतांशी छायाचित्रेच. ती जमवून लिन वेस्टकॉट या संपादकांनी अ‍ॅलन यांच्यावर ग्रंथ सिद्ध केला. तो १९८१ साली बाहेर पडला, तेव्हा वेस्टकॉटही हयात नव्हते.