डोळ्यातली बाहुली आणि फाळक्यांचा कॅमेरा

मारुंजीतल्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर रविवारी सकाळी एक शेजारी नवा डिजिटल कॅमेरा घेऊन उभे होते. अलीकडची उरलीसुरली शेतं आणि पलीकडचे हिंजवडीचे टॉवर एकाच फोटोत स्पष्ट यावेत, एवढीच त्यांची इच्छा होती. अ‍ॅपर्चरचा आकडा वाढवायचा की कमी करायचा, यावर गाडी अडली होती. त्यांना समजावताना मला दादासाहेब फाळके आठवले. डोळा आणि कॅमेरा या दोघांच्याही लहरी त्यांनी जेमतेम वर्ष-दीड वर्षात सोसल्या.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरला झाला. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये ते शिकले, मग बडोद्याच्या कलाभवनात छायाचित्रण आणि छपाईत रमले. गोध्र्याला फोटो स्टुडिओ काढला, तर प्लेगने पत्नी आणि मूल दोन्ही नेले. पुढे पुरातत्त्व खात्यात नोकरी लागली, तीही सोडली. मग आपल्या या भागातून तासाभराच्या अंतरावरच्या लोणावळ्यात त्यांनी छापखाना काढला. तो दादरला हलला, १९०९ मध्ये ते यंत्रांसाठी जर्मनीला जाऊन आले आणि काही काळाने भागीदारांशी न पटल्याने त्यातूनही बाहेर पडले. चाळिशी उलटलेली, दुसरा संसार, हाताला काम नाही.

अशा अवस्थेत १९११ मध्ये गिरगावात त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला आणि वेडच लागले. रोज तासन्‌तास चित्रपट बघायचे, घरी येऊन प्रयोग करायचे, झोप नावापुरती. डोळ्यांनी दगा दिला. दृष्टी जवळजवळ गेली. डॉ. प्रभाकर यांच्या उपचारांनी आणि तीन-चार चष्म्यांच्या आधाराने ते पुन्हा पाहू लागले.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. फार पाहिल्याने मोतीबिंदू होत नाही. वय, मधुमेह, डोळ्याला झालेली इजा, स्टिरॉइडची औषधे, अतिनील किरण ही त्याची कारणे. पडद्याकडे टक लावली की पापण्या कमी लवतात, डोळा कोरडा पडतो, दिसणे तात्पुरते अंधूक होते. ते विश्रांतीने सुधारते. विश्रांती घेऊनही अंधूकच दिसत असेल तर मात्र डॉक्टरांनाच दाखवावे.

आता बाहुलीकडे वळू. डोळ्यातले काळे वर्तुळ म्हणजे भोकच. लख्ख उजेडात ते २ मिलिमीटरपर्यंत आकसते आणि अंधारात तरुण माणसात ८ मिलिमीटरपर्यंत फुलते. व्यास चौपट झाला की क्षेत्रफळ १६ पट होते, म्हणजे उजेडही १६ पट आत येतो. भोक लहान झाले की जवळचे-लांबचे दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट दिसते. म्हणून तर चष्मा विसरलेली आजी औषधाची बाटली खिडकीशी नेते आणि डोळे बारीक करून वाचते. मोतीबिंदू भिंगाच्या अगदी मध्यावर असेल तर मात्र उलटे घडते, भर उन्हातच जास्त अंधूक दिसते. ही खूण डॉक्टरांना जरूर सांगावी.

कॅमेऱ्याचे अ‍ॅपर्चर म्हणजे हीच बाहुली, फक्त हाताने फिरवायची. भिंगाच्या नाभीय अंतराला भोकाच्या व्यासाने भागले की एफ आकडा मिळतो. ५० मिलिमीटरच्या भिंगात एफ २ म्हणजे २५ मिलिमीटरचे भोक, एफ १६ म्हणजे जेमतेम ३. भोक भाजकात असल्याने आकडा वाढला की भोक लहान होते. लोक गोंधळतात ते इथेच. २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ या क्रमात दर पायरीला उजेड निम्मा होतो.

डोळे सावरले तसे फाळक्यांनी विम्याच्या पॉलिसी गहाण टाकल्या आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये लंडन गाठले. विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन ते दोनेक महिन्यांत परतले. भांडवल देणाऱ्यांना दाखवायला कुंडीत वाटाणा पेरला आणि महिनाभर रोज थोडे थोडे चित्रण केले. पडद्यावर कोंब सरसर वर आला. आज असा प्रयोग करणाऱ्याने अ‍ॅपर्चर एकदा ठरवून तसेच ठेवावे. कॅमेऱ्यावर सोपवले तर चौकटीगणिक उजेड थोडा थोडा बदलतो आणि सगळे चित्र लुकलुकते. फाळक्यांना ती सोयही नव्हती, अडचणही नव्हती!

मग ‘राजा हरिश्चंद्र’. त्या काळी कॅमेऱ्याची मूठ हाताने, एका लयीत फिरवायची. लय बदलली की माणसे पळू लागतात किंवा रेंगाळतात. फिल्मची संवेदनक्षमता ठरलेली, दिवा म्हणजे सूर्य. तेव्हा ढग आला की मुख्यतः अ‍ॅपर्चरच हाताशी उरायचे, आणि ते मोठे केले की नटांच्या मागचे रंगवलेले पडदे धूसर होणार. शिवाय त्या काळच्या फिल्मला लाल रंग दिसतच नसे, तो काळा उमटे. उजेड मोजायचे आजच्यासारखे मीटर नव्हते. नुकत्याच सावरलेल्या त्या डोळ्यांनीच अंदाज बांधायचा. सरस्वतीबाई उन्हात पांढऱ्या चादरी धरून उजेड वळवत. फिल्मला भोके पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामेही त्या शिकल्या. वर सगळ्या मंडळींचा स्वयंपाक. पहिल्या भारतीय चित्रपटाच्या छायाचित्रणात त्यांचे नाव फारसे घेतले जात नाही, हे मला खटकते.

३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये चित्रपट लागला. पुढे फाळक्यांनी बरेच चित्रपट काढले, नाव मिळवले, पण पैसा टिकला नाही. बोलपट आल्यावर ते मागे पडले आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला गेले.

शेजाऱ्यांना मी एफ ११ ठेवायला सांगितले. २२ पर्यंत नेऊ नका म्हटले, कारण फार बारीक भोकातून जाताना प्रकाश पसरतो आणि चित्र मऊ पडते. उजेड कोवळा, म्हणून शटर सावकाश, म्हणून कॅमेरा कठड्यावर टेकवला. शेत आले, टॉवर आले, दोन्ही स्पष्ट. बांधावरचा बगळा तेवढा त्याच क्षणी उडाला आणि फोटोत पुसट पांढरा पट्टा राहिला.