विश्लेषण : पंडिता रमाबाईंना ‘पाप’ आणि ‘कृपा’ या शब्दांचा अर्थ कुठे सापडला?

पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर केडगाव लागते. पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन ते हेच. विधवा, अनाथ मुली, अंध आणि वृद्ध स्त्रिया अशा अनेकींची इथे सोय होती आणि प्रत्येक विभागाला वेगळे नाव होते. त्यातले एक नाव होते ‘कृपासदन’. समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या, कुणीही उंबऱ्यात घेणार नाही अशा स्त्रियांसाठी ते होते.

शाळेच्या पुस्तकात रमाबाई समाजसुधारक म्हणून भेटतात. त्या ख्रिस्ती झाल्या, हे एका ओळीत उरकले जाते. काही जण त्या ओळीवरून त्यांच्यावर रागावतात, काही जण ती ओळ नसल्यासारखे करतात. पण ‘कृपासदन’ हे नाव कुठून आले, हे त्या ओळीत शिरल्याशिवाय कळत नाही.

पुण्य साठवत गेलेले घर

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानात झाला. हा भाग आज कर्नाटकात येतो. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण आणि संस्कृतचे मोठे पंडित. पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले म्हणून त्यांना विद्वानांचा रोष पत्करावा लागला होता. पुढे लक्ष्मीबाईंनीच मुलीला शिकवले.

घरची मिळकत संपल्यावर हे कुटुंब तीर्थयात्रेला निघाले ते कायमचे. देवळाच्या ओवरीत किंवा नदीच्या घाटावर पुराण सांगायचे आणि मिळेल त्या दक्षिणेवर जगायचे. हाती पैसा आला की तो दानधर्म, व्रते, उपवास यांत जायचा. पुण्य वाढले की देव प्रसन्न होईल, ही त्यांची प्रामाणिक श्रद्धा होती. मग १८७० च्या दशकातला दक्षिणेतला दुष्काळ आला. पुराणिकाला दक्षिणा देणार कोण? भीक मागणे किंवा मोलमजुरी करणे अभिमानाला पटेना. जवळ होते तेही दान करून टाकलेले. शेवटी रानातली पाने खाण्याची वेळ आली.

१८७४ मध्ये वडील गेले आणि त्यांच्यामागे काही काळातच आई गेली. आईच्या तिरडीला खांदा द्यायला चार ब्राह्मण मिळेनात. दोघे कसेबसे तयार झाले, तिसरा भाऊ श्रीनिवास आणि चौथ्या रमाबाई. उंची कमी पडत असल्यामुळे त्यांनी तिरडीचे टोक डोक्यावर घेतले आणि स्मशान गाठले. थोरली बहीणही पुढे वारली. एवढे पुण्य जमा करूनही पदरी काय पडले, हा प्रश्न रमाबाईंच्या मनात इथे रुतला असावा. पुढच्या सगळ्या प्रवासात तो पुन:पुन्हा वर येताना दिसतो.

‘पाप’ कुणाच्या नावावर?

बहीण-भाऊ पायी हजारो मैल भटकत १८७८ मध्ये कोलकात्याला पोहोचले. तिथल्या विद्वानांनी त्यांची परीक्षा घेतली आणि त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. वय अवघे वीस. याच शहरात त्यांनी धर्मशास्त्रे नीट वाचायला घेतली आणि त्या हादरल्या. पुढे त्यांनी आपल्या आत्मकथनात लिहिले आहे की हे ग्रंथ जवळपास प्रत्येक मुद्द्यावर एकमेकांशी भांडतात, पण दोन गोष्टींवर त्यांचे एकमत आहे. स्त्री ही जातीचीच वाईट आणि तिला पुरुषासारखा मोक्षाचा मार्ग बंद. स्त्रीला आशा एकच, ती म्हणजे नवऱ्याची सेवा करून पुढचा जन्म मिळवणे.

इथे ‘पाप’ या शब्दाचे त्या काळातले वजन लक्षात घ्यावे लागेल. नवरा मेला तर तो बायकोच्या मागच्या जन्मीच्या पापामुळे, असे सर्रास मानले जाई. आठ-दहा वर्षांच्या मुलीचे केशवपन होई, तिला एकवेळ जेवण मिळे, शुभकार्यात तिचे तोंडही पाहत नसत. जे पाप तिने केले नाही, जे तिला आठवतही नाही, त्याची शिक्षा ती जन्मभर भोगत असे.

रमाबाईंवरही ही वेळ आली. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी विवाह केला. जात वेगळी, प्रांत वेगळा. संसार जेमतेम दीड वर्षाचा झाला. फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने पतीचे निधन झाले आणि तान्ही मनोरमा कडेवर घेऊन रमाबाई पुण्याला आल्या. तिथे त्यांनी आर्य महिला समाज काढला आणि स्त्रीशिक्षण व स्त्री डॉक्टरांच्या गरजेबद्दल हंटर आयोगापुढे साक्ष दिली.

फुलहॅममध्ये काय दिसले?

वैद्यकीय शिक्षण घ्यायचे म्हणून १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. ऐकू कमी येत असल्यामुळे ते शिक्षण शक्य झाले नाही. वाँटेज येथील जोगिणींच्या मठात त्यांचा मुक्काम होता. त्यांच्यापैकी काही भगिनी लंडनजवळच्या फुलहॅम येथे एक आश्रयगृह चालवत. वेश्याव्यवसायातून किंवा फसवणुकीतून बाहेर पडलेल्या स्त्रियांची तिथे शुश्रूषा होई. धर्माला वाहून घेतलेल्या स्त्रिया अशा ‘पतित’ बायकांची सेवा करताहेत, हे रमाबाईंनी आयुष्यात प्रथमच पाहिले. त्यांनी वाचलेल्या शास्त्रांत अशा स्त्रीसाठी शिक्षाच सांगितली होती.

तुम्ही हे का करता, असे त्यांनी विचारले. उत्तरादाखल त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली, विहिरीवर आलेल्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट सांगण्यात आली. ती तुच्छ मानलेल्या जमातीची होती, पाच नवरे झालेली होती आणि गावाच्या नजरेतून उतरलेली होती. येशू तिच्याकडेच प्यायला पाणी मागतो आणि धर्मातली सर्वांत गहन गोष्टही तिलाच सांगतो. रमाबाईंना याने जिंकले.

ख्रिस्ती शिकवणीत पाप म्हणजे केवळ एखादे वाईट कृत्य नव्हे. देवापासून तुटलेपण म्हणजे पाप आणि ते सगळ्यांनाच लागू आहे. पंडित, धर्मगुरू, राजा, वेश्या, सगळे एकाच रांगेत उभे. कृपा म्हणजे त्या तुटलेपणातून देवाने आपणहून बाहेर काढणे. त्यासाठी पुण्याची शिल्लक दाखवावी लागत नाही. आपल्या डोक्यावरचे ‘विधवेचे पाप’ इथे वेगळे मोजले जात नाही, ही गोष्ट विशी-पंचविशीतल्या त्या बाईला किती मोठी वाटली असेल! वाराणसीहून आलेले, स्वतः चित्पावन असलेले ख्रिस्ती पंडित नेहेम्या गोरे यांच्या लेखनाने त्यांच्या उरल्यासुरल्या शंका दूर केल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी मनोरमेसह त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

या काळाला एक काळी किनारही आहे. त्यांच्यासोबत इंग्लंडला गेलेल्या आनंदीबाई भगत यांनी तिथेच, बाप्तिस्म्याच्या थोडे आधी, आत्महत्या केली. आपल्याला जबरदस्तीने बाटवतील ही भीती त्यांना ग्रासत होती, असे सांगितले जाते.

मग त्या चर्चचे सगळे ऐकू लागल्या का?

अजिबात नाही. त्यांची आणि भगिनी जेराल्डीन यांची पत्रे वाचली तर वादच जास्त दिसतात. त्रैक्याचा सिद्धान्त जसाच्या तसा त्यांना मान्य नव्हता. क्रूसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नकोत, असे त्या विचारत. मांसाहार तर त्यांनी शेवटपर्यंत केला नाही. पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये म्हणून मुंबई व लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली, तेव्हा हे सांगणारे तुम्ही कोण, अशा सुराचे उत्तर रमाबाईंनी दिले. ही बाई गर्विष्ठ आहे, असे जेराल्डीन यांना वाटले. शास्त्र्यांची सत्ता झुगारून आलेली स्त्री बिशपांची सत्ता निमूट मान्य करील, ही अपेक्षाच मुळात चुकीची होती.

कोल्हापूरशी जुळलेला एक धागा

१८८६ च्या मार्चमध्ये रमाबाई अमेरिकेत फिलाडेल्फियाला गेल्या, त्या आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी. आनंदीबाई त्यांच्या दूरच्या नात्यातल्या. याच आनंदीबाईंना कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या, म्हणजे आजच्या सीपीआरच्या, स्त्री विभागाचे काम देऊ केले होते. क्षयाने गाठले आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी त्या गेल्या. कोल्हापूरला येणे राहूनच गेले. रमाबाईंनी त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ या पुस्तकातून उच्चवर्णीय विधवांची स्थिती अमेरिकेपुढे मांडली. बोस्टनमध्ये त्यांच्या मदतीसाठी संस्था उभी राहिली.

शारदा सदन : निम्मी गोष्ट

त्या पैशांतून ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू झाले आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला आले. अट अशी होती की धर्मप्रचार होणार नाही. पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. त्यांच्याशी १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी पुनर्विवाह केला.

याच काळात रमाबाईंच्या आत काहीतरी हलले. विल्यम हॅसलम नावाच्या एका इंग्रज पाद्र्याचे आत्मचरित्र त्यांनी वाचले. हा गृहस्थ वर्षानुवर्षे चर्चमध्ये प्रवचने देत होता आणि एका रविवारी स्वतःचेच प्रवचन देता देता त्याचे परिवर्तन झाले! रमाबाईंना त्यात स्वतःचा चेहरा दिसला. बाप्तिस्म्याला आठ वर्षे झाल्यावर त्यांना उमगले की आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पण ख्रिस्त अजून भेटलेला नाही. धर्म बुद्धीला पटला होता, पण मनातल्या मनात त्या अजूनही आपल्या लायकीने देवाला प्रसन्न करायला धडपडत होत्या. म्हणजे वडिलांचा तोच जुना हिशेब, फक्त देवघर बदललेले. कृपा कमवायची नसते, ती घ्यायची असते, हे त्यांना आता कळले.

मराठी वाचकाला ही कल्पना परकी वाटू नये. ‘पतितपावन’ हा शब्द वारकऱ्यांच्या तोंडी शतकानुशतके आहे. नारायण वामन टिळक तर आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे सांगत. रमाबाईंना तो पूल दिसला नाही. त्या संस्कृत पुराणे आणि व्रतवैकल्यांच्या वाटेने आल्या होत्या.

या बदलाचे परिणाम सदनात दिसले. रमाबाई आपल्या खोलीचे दार उघडे ठेवून प्रार्थना करत. कुणी मुलगी येऊन बसली तर तिला हाकलत नसत. पुण्यात गदारोळ उठला. ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली. १८९३ मध्ये न्या. रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांची भीती निराधार होती असे म्हणता येणार नाही, कारण काही मुलींचा कल खरोखरच तिकडे झुकत होता. पण प्रार्थना दार लावून करा, ही मागणी रमाबाई मान्य करणे शक्य नव्हते. दोन्ही बाजूंची अडचण खरी होती.

केडगाव

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. वीस वर्षांपूर्वीची आपली उपासमार आठवून रमाबाई तिकडे धावल्या. छावण्यांच्या आसपास मुली पळवणारे दलाल फिरत होते. सुमारे तीनशे मुली त्यांनी सोबत आणल्या. त्यात पुण्यात प्लेगची साथ आली, म्हणून केडगावच्या माळावर घेतलेल्या जमिनीत बिऱ्हाड हलवले गेले. १८९९-१९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर ही संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

शारदा सदनात प्रामुख्याने उच्चवर्णीय विधवा होत्या. केडगावात जातीचा प्रश्नच उरला नाही. जी उपाशी ती आपली. शेती, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना, सगळे मुली चालवत. अंधांसाठीच्या विभागाचे नाव बार्तमी सदन, बायबलातल्या आंधळ्या बार्तमीवरून. मनोरमेने ब्रेल लिपी शिकून तिथे शिकवली. आणि कृपासदन. फुलहॅमला पाहिलेले ते आश्रयगृह सुमारे दीड दशकानंतर दौंडच्या वाटेवर उभे राहिले होते.

श्रद्धा आणि कृती यांचे नाते हा ख्रिस्ती धर्मातला जुना वाद. तारण श्रद्धेने मिळते असे पौल सांगतो, तर कृतीवाचून श्रद्धा मेलेली असे याकोब. रमाबाईंनी यावर ग्रंथ लिहिला नाही. हजार-दोन हजार जणींचे रोजचे जेवण, खरूज, ताप आणि भांडणे सांभाळत त्या जगल्या.

जून १९०५ मध्ये मुक्तीत एक विलक्षण गोष्ट घडली. वेल्समधल्या धार्मिक जागृतीच्या बातम्या पोहोचल्या होत्या आणि मुली रोज एकत्र प्रार्थना करत होत्या. महिनाअखेरीस त्या मोठ्याने रडू लागल्या, आपापली पापे कबूल करू लागल्या. हे दिवसेंदिवस चालले. जगभरातल्या पेंटेकॉस्टल चळवळीच्या इतिहासात केडगावचे नाव येते ते यामुळे. बाहेरच्यांना हा सामूहिक उन्माद वाटला, तर रमाबाईंना देवाचे काम. एक मात्र खरे, इतरांनी लादलेले पाप निमूट वाहणाऱ्या या मुली आता आपल्या चुका आपल्या तोंडाने सांगत होत्या.

इकडे कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये विधवा पुनर्विवाहाला कायद्याचे बळ दिले, तेव्हा रमाबाई साठीच्या उंबरठ्यावर होत्या आणि एका वेगळ्याच कामात बुडालेल्या होत्या. उपलब्ध मराठी बायबलची भाषा त्यांना फार संस्कृतप्रचुर वाटे. शिवाय जुन्या शब्दांना जुने अर्थ चिकटलेले असत. म्हणून संस्कृतची ही पंडिता हिब्रू आणि ग्रीक शिकली आणि खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत अख्ख्या बायबलचे भाषांतर करायला बसली.

२४ जुलै १९२१ रोजी मनोरमा गेली. संस्था जिच्या हाती सोपवायची तीच उरली नाही. रमाबाई मुद्रिते तपासत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे केडगावातच निधन झाले. १९२४ मध्ये मुक्तीच्या छापखान्यातून ते पूर्ण बायबल बाहेर पडले. छपाईचे काम आश्रमातल्या स्त्रियांनीच केले होते.